कागदावरची क्षिप्रा



ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत जलरंगातील निसर्गचित्रणाचा विषय ठेवलेला पाहून काही सभासदांना नवल वाटले असेल. ग्रंथालय हे अक्षरांचे घर. रंगाचे तेथे काय काम, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ग्रंथ आणि जलरंगचित्र ही सख्खी भावंडे आहेत. दोहोंचा देह कागदाचा. ऊन, ओल आणि कसर हे दोहोंचे समान वैरी. दोन्ही हातात धरून, जवळून, एकेकट्याने पाहण्याच्या वस्तू. आणि दोहोंचे आयुष्य अखेर कोणीतरी ती जपून ठेवण्यावर अवलंबून असते. हा शेवटचा मुद्दा या व्याख्यानाच्या अखेरीस पुन्हा येणार आहे.

उज्जयिनीत चित्राविषयी बोलायचे तर आरंभ कालिदासापासूनच व्हायला हवा. ‘मेघदूता’तील यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनी पाहून जायला सांगतो आणि विरहात शिळेवर गेरूसारख्या धातुरंगाने प्रियेचे चित्र काढू पाहतो, हे सर्वांना ठाऊक आहे. निसर्गचित्रणाच्या दृष्टीने मात्र ‘शाकुंतला’चा सहावा अंक अधिक मोलाचा आहे. दुष्यंताने शकुंतलेचे चित्र काढले आहे, पण ते त्याला अपुरे वाटते. अजून काय काढायचे राहिले ते तो विदूषकाला सांगतो : मालिनी नदी, तिच्या वाळवंटात बसलेली हंसांची जोडी, दोन्ही बाजूंना हरिणे विसावलेल्या हिमालयाच्या टेकड्या, फांद्यांवर वल्कले वाळत घातलेला एक वृक्ष आणि त्याच्या तळाशी काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा घासणारी हरिणी. नीट पाहिले तर ही एका निसर्गचित्राची आखणीच आहे. मध्ये नदी, मागे डोंगर, पुढे वृक्ष आणि दृष्टी खिळवून ठेवणारा एक लहानसा प्रसंग. माणूस ज्या भूमीत वाढला ती भूमी चित्रात आल्याखेरीज त्या माणसाचे चित्र पुरे होत नाही, ही जाण त्यामागे आहे. विदूषकाला मात्र धास्ती पडते की, राजा आता लांब दाढीच्या तापसांनी सारा फलक भरून टाकणार. सिंहस्थात रामघाटावर वही उघडून बसलेल्या चित्रकाराला विदूषकाची ही धास्ती चांगलीच समजेल.

आता माध्यमाकडे वळू. जलरंग म्हणजे बारीक दळलेले रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारा बाभळीच्या जातीचा डिंक आणि पाणी. या एकाच मिश्रणाच्या दोन वाटा होतात. रंग पातळ लावला की, प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटून परत येतो, आणि चित्र आतून उजळल्यासारखे दिसते. हा पारदर्शक जलरंग. त्यात पांढरा रंग वेगळा नसतोच. जेथे शुभ्र हवे तेथे कागद कोरा सोडायचा. त्याच रंगात पांढरे द्रव्य मिसळले किंवा तो दाट लावला की, प्रकाश पृष्ठभागावरूनच परततो आणि खालचे झाकले जाते. हा अपारदर्शक जलरंग. युरोपात त्याला ग्वाश म्हणतात. आपल्याकडे शाळेतल्या मुलांच्या हाती येणारा पोस्टर कलर हा त्याचाच धाकटा भाऊ.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात या दोन वाटांवरून बराच वाद झाला. शुद्ध जलरंग तो पारदर्शकच, पांढरा मिसळणे म्हणजे भेसळ, असे मानणारा एक पक्ष होता. १८३४ साली ‘चायनीज व्हाइट’ या नावाने जस्ताचा टिकाऊ पांढरा रंग बाजारात आला, तेव्हा हा वाद अधिकच तापला. गंमत अशी की, ज्या टर्नरला हा पक्ष आपला मानी, त्यानेच फ्रान्सच्या नद्यांची चित्रे निळ्या कागदावर अपारदर्शक रंगांत काढली होती. तो वाद पुढे कलाशिक्षणाबरोबर आपल्याकडेही आला. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या शिस्तीत वाढलेल्या मराठी चित्रकारांनी पारदर्शक जलरंगात असामान्य प्रभुत्व मिळवले. सावळाराम हळदणकरांचे, म्हैसूरच्या संग्रहालयात असलेले, दिव्यावर हात धरलेल्या स्त्रीचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. पण त्या प्रभुत्वाबरोबर ‘दाट रंग म्हणजे चूक झाकण्याची सोय’ अशी एक समजूतही रुजली आणि ती आजही हौशी चित्रकारांच्या मनात घर करून आहे.

माळव्याच्या भूमीवर उभे राहून पाहिले तर ही समजूत टिकत नाही. १४३९ मध्ये मांडू येथे चितारलेले कल्पसूत्र घ्या किंवा सतराव्या शतकातील माळवा शैलीची म्हणून ओळखली जाणारी रसिकप्रिया, अमरुशतक आणि रागमाला यांची चित्रे घ्या. ती सारी अपारदर्शक जलरंगातलीच आहेत. गर्द निळे आकाश, त्याला चिकटलेली पांढरी कड, सपाट लाल भिंत, काळ्या पार्श्वभूमीवर पानन् पान मोजता येईल असा वृक्ष. त्याच्याही मागे जायचे तर भीमबेटक्याच्या खडकांवरील गेरूचे लाल आणि पांढरे आकार आहेत. युरोपने ज्याला ग्वाश म्हटले त्या तंत्राला येथे निराळे नाव नव्हते, कारण रंगवणे म्हणजे तेच होते. पारदर्शक जलरंग हा पाहुणा. तो आला, रमला आणि घरचा झाला. दोघांपैकी कोणालाही परका मानण्याचे कारण उरलेले नाही.

कोणत्या वेळी कोणती वाट धरावी, हे बहुधा स्थळच सांगते. क्षिप्रा उत्तरेकडे वाहते; नगर आणि रामघाट तिच्या पूर्वतीरावर, दत्त आखाड्याचा घाट पश्चिमतीरावर. त्यामुळे सकाळी रामघाटावर बसणाऱ्याला सूर्य पाठीशी मिळतो आणि समोरचा काठ उजळलेला दिसतो. सायंकाळी तेथूनच पाहिले तर समोरच्या इमारती आकाशावर गडद होऊन उभ्या राहतात आणि पाण्यावर उजेडाचा पट्टा पडतो. धुके, पाणी आणि पहाटेचे आकाश ही पारदर्शक रंगाची खास क्षेत्रे. ओल्या कागदावर रंग सोडला की, तो आपल्या वाटेने पसरतो, आणि चित्रकाराने त्याला अडवायचे नसते. याउलट सायंकाळी गोपाळ मंदिराच्या चौकातील गर्दी, दुकानांचे दिवे, फुलांचे ढीग रंगवायचे असतील तर कागदाचा पांढरेपणा इतक्या ठिकाणी राखून ठेवणे अशक्यप्राय होते. तेथे काळसर भूमी आधी लावून तिच्यावर उजेडाचे ठिपके ठेवणारा अपारदर्शक रंगच कामाला येतो. हरसिद्धीच्या दोन दीपमाळा पेटलेल्या पाहिल्या की, हा फरक एका क्षणात ध्यानात येतो.

माळव्याचे हवामान हेही एक गुरूच आहे. वैशाखातल्या कोरड्या हवेत आकाशाचा वॉश कागदाच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचण्याआधी वरचा भाग वाळतो आणि नको तेथे कड उमटते. अशा वेळी कागद दोन्ही बाजूंनी भिजवून घेणे, मोठा कुंचला वापरणे आणि रंग आधीच पुरेसा कालवून ठेवणे एवढाच उपाय. श्रावणात नेमके उलटे होते. एक थर वाळेपर्यंत पाऊस पुन्हा येतो. शिवाय दोन्ही रंग वाळताना बदलतात. पारदर्शक रंग फिका होतो, म्हणून तो मनातल्यापेक्षा थोडा गडद लावावा लागतो. ग्वाशमध्ये गडद छटा वाळून फिकी होते आणि फिकी छटा वाळून किंचित गडद होते. त्यामुळे कागदाच्या तुकड्यावर लावून, वाळवून पाहिल्याखेरीज अनुभवी माणसेही पुढे जात नाहीत. ग्वाशचा वरचा थर फार ओला असला तर खालचा विरघळून वर येतो, आणि फार जाड असला तर वाळल्यावर तडकतो. दह्याच्या पातळ कढीइतका दाट, ही घरगुती तुलना येथे उपयोगी पडते.

रंगाच्या आधी रेषा. निसर्गचित्रकाराच्या पिशवीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू रंगपेटी नव्हे. ती खिशात मावणारी रेखाटनाची वही. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. येथील वेधशाळेतील सम्राट यंत्रावर सरकणारी सावली ज्यांनी काही मिनिटे रोखून पाहिली असेल त्यांना याचा प्रत्यय आहे. महाराजा जयसिंहांनी अठराव्या शतकात उभारलेली ती यंत्रे कालगणनेसाठी आहेत, पण चित्रकलेच्या विद्यार्थ्याला प्रकाश आणि छाया शिकण्यासाठी याहून चांगली जागा मिळणे कठीण. साधे भौमितिक आकार, पांढरी पृष्ठे आणि घड्याळाबरहुकूम चालणारी सावली. कर्कवृत्त अगदी जवळ असल्याने जूनच्या मध्यान्ही सावली जवळजवळ नाहीशी होते आणि सारे दृश्य सपाट दिसू लागते. म्हणून सावलीची दिशा आरंभीच रेखाटून ठेवायची आणि नंतर सूर्य कोठेही गेला तरी त्या रेषांशी इमान राखायचे. अर्ध्या तासात पुरे होईल एवढेच हाती घ्यावे, हा निसर्गचित्रकारांचा जुना दंडक याच गणितातून आला आहे.

माळव्यात या विद्येची आधुनिक परंपरा रुजवली ती इंदूरच्या दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी. १९२७ मध्ये होळकरांच्या राजधानीत त्यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रकला मंदिर सुरू झाले. तेथील विद्यार्थी पदविकेच्या परीक्षेसाठी मुंबईकडे पाहत, पण डोळे घडत ते माळव्याच्या उन्हात. नारायण श्रीधर बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णू चिंचाळकर, मकबूल फिदा हुसेन ही नावे या एका शाळेशी जोडलेली आहेत. इंदूरला १९१० साली जन्मलेल्या बेंद्रे यांनी देशभर भटकून निसर्गचित्रे काढली आणि पुढे बडोद्याला विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. मूळचे महेश्वरचे असलेल्या जोशींच्या चित्रांत नर्मदेचे घाट आणि निमाड-माळव्यातील लोकजीवन येत राहिले. चिंचाळकर गुरुजींची वाट तर आणखी निराळी. निसर्गाचे चित्र काढता काढता ते निसर्गातील वस्तूंकडेच वळले. वाळकी फांदी, पान, साल, बी यांतच त्यांना आकृती दिसू लागल्या. कुंचला बाजूला ठेवला तरी पाहण्याची सवय सुटत नाही, याचे ते चालतेबोलते उदाहरण होते.

आणि उज्जैनमध्ये या परंपरेला एक अनपेक्षित फळ आले. विष्णू श्रीधर वाकणकर यांचा जन्म ४ मे १९१९ रोजी नीमच येथे झाला. आज त्यांचे नाव पुरातत्त्वज्ञ म्हणून घेतले जाते. भीमबेटक्याचे शोधक, उज्जैनजवळच्या कायथा येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे संशोधक, १९७५ च्या ‘पद्मश्री’चे मानकरी ही त्यांची ओळख. पण ते मुळात चित्रकार होते. उज्जैनमध्ये त्यांनी भारती कला भवन स्थापन केले. सचिदा नागदेव यांच्यासारखे चित्रकार त्यांच्या हाताखाली शिकले. वही आणि पेन्सिल यांच्याशिवाय वाकणकर बाहेर पडत नसत, असे त्यांना ओळखणारे सांगत आले आहेत.

१९५७ सालची हकीकत प्रसिद्ध आहे. भोपाळच्या दक्षिणेकडून रेल्वेने जाताना खिडकीतून त्यांना दूरवर खडकांची एक रांग दिसली. चंबळच्या खोऱ्यात हिंडून ज्याने खडकांच्या ओवऱ्या पाहिल्या होत्या, त्याला त्या आकारांत ओळखीचे काहीतरी जाणवले. ते उतरले, चालत गेले, आणि रंगवलेल्या खडकांचे एक विश्वच समोर उभे राहिले. त्या टापूत ७०० हून अधिक शैलाश्रय असल्याचे पुढे दिसून आले, आणि २००३ मध्ये भीमबेटक्याचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला. त्या मार्गावरून कितीएक माणसे रोज जात होती. खडक सर्वांना दिसत होते. ते वाचण्यासाठी मात्र आकारांची सवय झालेला डोळा लागत होता. शेकडो रेखाटने केल्यावर चित्रकाराला कळू लागते की, प्रत्येक डोंगराची कड वेगळी असते, कोणती छाया भेगेची आणि कोणती गुहेची. ही विद्या ग्रंथांतून मिळत नाही. ती हाताच्या वाटेने डोळ्यांत उतरते.

पुढचे कामही चित्रकाराचेच होते. खडकांवरील चित्रांच्या प्रतिकृती करायच्या म्हणजे थरावर थर चढलेल्या आकृती सुट्या ओळखायच्या, गेरूची नेमकी छटा कालवायची, झिजलेली रेषा स्वतःच्या कल्पनेने पुरी करण्याचा मोह आवरायचा. निसर्गचित्रकार समोर नसलेले झाड काढत नाही. तोच संयम येथे शास्त्राचे साधन झाला. वाकणकर १९८८ मध्ये सिंगापूर येथे निधन पावले. त्यांच्या संशोधनाची चर्चा होत राहील. पण निसर्गचित्रणाला ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणणाऱ्यांसाठी त्यांचे आयुष्य हेच पुरेसे उत्तर आहे.

आता थोडा कटू विषय. चित्रे राहतात का? कोल्हापूरचे अबालाल रहिमान हे शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. रंकाळा, कोटीतीर्थ या परिसराची त्यांनी काढलेली निसर्गचित्रे मराठी कलेतील मोठा ठेवा मानली जातात. १९२२ मध्ये महाराज निवर्तल्यावर दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडली, अशी कथा सांगितली जाते. पाण्याने जन्मलेली चित्रे पाण्यालाच परत गेली, असे म्हणून ती काव्यमय करता येईल. पण जे गेले ते गेलेच. आणि अबालालांची चित्रे निदान शोकाने गेली. बहुतेक घरांतली चित्रे निष्काळजीपणाने जातात.

त्याची कारणे साधी आहेत. इंग्लंडमध्ये १८८८ साली रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो, याचा अहवाल सादर केला. अनेक रंग उजेडाने उडतात आणि हवेतील ओल त्या नाशाला हातभार लावते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. कोचिनीलपासून केलेला किरमिजी, झाडाच्या चिकापासून केलेला पिवळा हे असे नाजूक रंग. गेरू, पिवळी माती, काजळी हे टिकाऊ. भीमबेटक्याचा गेरू हजारो वर्षे टिकला आणि दिवाणखान्यात उन्हासमोर टांगलेल्या चित्रातील गुलाबी संध्याकाळ वीस वर्षांत राखी झाली, यात चमत्कार काही नाही. पोस्टर कलर तर थोड्या दिवसांच्या फलकांसाठीच जन्मले. त्यांत केलेले काम उजेडापासून अधिकच जपायला हवे. बाकीचा नाश माणसे करतात. मागे आम्लयुक्त पुठ्ठा, कडेला चिकटपट्टी, काचेला थेट टेकलेला रंग आणि पावसाळ्यात भिंतीची ओल.

निसर्गचित्र नष्ट झाले तर केवळ एक चित्र जात नाही. एका स्थळाची साक्ष जाते. क्षिप्रेकडे पाहिले म्हणजे हे पटेल. बारमाही वाहणारी म्हणून जिचे वर्णन झाले ती नदी उन्हाळ्यात आटू लागली आणि २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी उचलून तिच्यात सोडण्याची योजना कार्यान्वित करावी लागली. १९९२, २००४ आणि २०१६ च्या सिंहस्थांच्या तयारीत घाट, पूल आणि रस्ते बदलत गेले. २०२२ मध्ये महाकाल लोकाच्या पहिल्या टप्प्यानंतर रुद्रसागराचा काठ ओळखू येईनासा झाला. बदल वाईट की चांगला, हा येथे प्रश्न नाही. नगर जिवंत आहे म्हणून बदलते. प्रश्न इतकाच की, पूर्वी तेथे काय होते, पाणी कोठवर येत असे, कोणते झाड कोठे होते, हे कोण सांगणार? छायाचित्र बरेच सांगते. पण एखाद्या माणसाने दोन तास बसून जे पाहिले, त्यातले जे ठेवण्याजोगे मानले आणि जे सोडले, ते फक्त चित्र सांगते.

म्हणून या शतकमहोत्सवाच्या निमित्ताने ग्रंथालयापुढे आणि त्याच्या आश्रयदात्यांपुढे एक विनंती ठेवावीशी वाटते. माळव्यातील मराठी घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत, जुन्या पंचांगांच्या खाली रेखाटनाच्या वह्या पडून आहेत. कोणा चित्रकला-शिक्षकाची, कोणा कारकुनाची, परीक्षेपुरते शिकून पुढे आयुष्यभर रविवारी घाटावर जाणाऱ्या कोणा गृहिणीची. त्या थोर कलाकृती असतीलच असे नाही. पण त्यांत कालियादेहाचा महाल आहे, भर्तृहरीच्या गुंफेची वाट आहे, सिद्धवटाखालचा पार आहे, आणि तो तेव्हा जसा होता तसा आहे. ग्रंथालयाने एक कपाट या वह्यांसाठी राखावे. प्रत्येक चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने स्थळ, साल आणि काढणाऱ्याचे नाव लिहावे. दोन चित्रांमध्ये आम्लरहित कागद घालावा, चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकचे वेष्टन तापवून चिकटवण्याचा मोह टाळावा आणि वर्षातून एकदा कोरड्या दिवसांत ती उघडून पाहावीत. याला मोठा निधी लागत नाही. दाखल-वहीत एक नवे सदर उघडावे लागते, एवढेच.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी घरोघर फिरून पुस्तके जमवून अशी ग्रंथालये उभी केली, त्यांनीही नेमके हेच केले होते. घरात पडून राहिले असते ते सर्वांसाठी एका जागी आणले. त्या वेळी पुस्तके आणली. आता चित्रांची पाळी आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती पावसाळ्याआधी शोधावी.